सोळाच इंच: आर्वी तालुक्यातल्या एका टर्बो सेडानचे टायर

गाडी स्कोडा स्लाव्हिया, दीड लिटर टर्बो पेट्रोल: १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर, रिकामी उभी असताना जमिनीपासून १७९ मिलिमीटर उंच. मूळ टायर २०५/५५ आर१६ ९१व्ही: रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची (साइडवॉल, म्हणजेच टायरचा गाल) उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, ९१ हा भाराचा आकडा आणि व्ही हे वेगाचं अक्षर. मार्च २०२५ मध्ये मीटरवर ३१ हजार किलोमीटर. मालक वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातले. कापूस आणि तुरीची शेती, जोडीला आर्वीत ठिबकच्या सामानाचं दुकान. रोज गाव ते आर्वी जाणं-येणं, आणि आठवड्यातून दोनदा विरूळच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गाला लागून नागपूर. वर्षाला वीस हजारांच्या आसपास धाव.

तक्रारी तीन होत्या. डाव्या बाजूच्या दोन्ही टायरांच्या गालावर फुगे आलेले, पुढचा लिंबाएवढा आणि मागचा बोराएवढा. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत, बाहेरची मात्र चांगली. आणि समृद्धीवर ११०-१२० ला लेन बदलताना गाडी क्षणभर तरंगल्यासारखी वाटते. त्यावर उपाय म्हणून मालकांनी युरोपातल्या एका साइटवर वाचून मागणी ठरवून ठेवली होती: समर परफॉर्मन्स टायर. कारणही तयार होतं. "आपल्याइकडं मे महिन्यात सेहेचाळीस डिग्री असते न जी, मंग समरचाच टायर पाह्यजे."

ही मागणी निम्मी आधीच पुरी झालेली आहे, आणि ते कसं हे समजल्याशिवाय पुढची निवड नीट होत नाही. युरोपात टायरच्या जाती तीन: समर, विंटर आणि ऑल-सीझन. त्यातली सीमारेषा साधारण ७ अंश सेल्सिअसला आहे. त्याखाली समर टायरचं रबर कडक पडतं, पकड सुटते; विंटरचं रबर मऊ राहतं आणि बर्फाला पकडून राहावं म्हणून त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. म्हणजे 'समर' या शब्दाचा अर्थ 'कडक उन्हासाठी खास बनवलेला' असा नाही. 'थंडीसाठी न बनवलेला' एवढाच आहे. आर्वीच्या दुकानात टांगलेला साधा टायरही त्या हिशेबाने समरच. तेव्हा जास्तीचे पैसे 'समर' या शब्दासाठी द्यायचे नाहीत. प्रश्न उरतो 'परफॉर्मन्स'चा. ते हवं कुठे, आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागेल?

त्यासाठी टायरच्या आधी रस्ता वाचावा लागतो. या गाडीच्या वाट्याला आलेले दोन रस्ते एकमेकांच्या अगदी उलटे आहेत.

समृद्धी सिमेंटचा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. कारला वेगमर्यादा १२०. इथे टायरला खड्डे खावे लागत नाहीत, पण एकसारख्या वेगात तास तास फिरावं लागतं. ना ब्रेक, ना वळण, ना चहाचा थांबा. गाल दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो, त्यातून उष्णता तयार होते, आणि ती बाहेर टाकायला सवड मिळत नाही. शिवाय ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर सव्वादोनपट. पकड चांगली हवी ती इथे.

दुसरा रस्ता गावाकडचा. खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. मधला पट्टा बरा राहतो, कडा तुटतात. तुटलेल्या कडेखाली साइडपट्टी चार-पाच इंच खचलेली. समोरून एसटी किंवा कापसाची गाडी आली की डावी चाकं खाली उतरतात आणि परत वर चढताना डांबराच्या धारेवर गाल घासतो, दबतो. दोन्ही फुगे डाव्याच बाजूला का, याचं उत्तर हे. नाल्यावरच्या रपट्याला जिथे रस्ता मिळतो तिथला खड्डा ही दुसरी ठरलेली जागा.

फुगा म्हणजे नेमकं काय, ते कापलेल्या टायरमध्ये स्पष्ट दिसतं. धारेवर आदळताना गाल रिम आणि डांबर यांच्यात चिमटला जातो. रबर ताणलं जातं, तुटत नाही. आतले पॉलिस्टरचे धागे मात्र तुटतात. त्या जागी हवेचा दाब पेलायला फक्त रबर उरतं, आणि ते बाहेर येतं. फुग्यावर पॅच नाही, दुरुस्ती नाही. लिंबाएवढा फुगा घेऊन १२० ने जाणं म्हणजे टायर कधी फुटतो याची वाट बघणं. मागचा बोराएवढा होता म्हणून 'आणखी एक हंगाम चालून जाईल' असं मालकांचं म्हणणं होतं. चालला नसता. फुगा लहान असणं म्हणजे कमी धागे तुटलेत एवढंच. शेजारच्या धाग्यांवर जास्तीचा ताण पडून तेही तुटत जातात.

आता दुकानदाराचा सल्ला. नागपूरच्या दुकानात पहिला प्रस्ताव सतरा इंची अलॉय आणि २१५/४५ आर१७ टायरचा आला. "सतरा टाका भाऊ, गाडी कशी भारी दिसन, अन् वळणावर हालन बी नाही." यातला दुसरा अर्धा भाग खोटा नाही. गाल आखूड झाला की गाडी वळणाला झटकन उत्तर देते. पण हिशेब मांडून पाहू.

मूळ टायरचा गाल म्हणजे २०५ चे ५५ टक्के, ११२.७ मिलिमीटर. २१५/४५ चा गाल ९६.७. सोळा मिलिमीटर गेले, म्हणजे हाताच्या बोटाची जाडी. साइडपट्टीची धार आणि रिम यांच्यात जी गादी आहे तिच्यातलं एक बोट कमी करायचं, आणि तेही ज्या गाडीने आहे त्या गादीवर दोन फुगे काढून दाखवलेत तिच्यात. चाकाचा एकूण व्यास ६३१.९ वरून ६२५.३ होतो, फरक एकच टक्का, मीटरला तो चालतो, पण गाडी तीन मिलिमीटर खाली बसते.

याहून महत्त्वाची गोष्ट दुकानात कोणी काढली नाही: भार निर्देशांक. मूळ टायरवरचा ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. साधा २१५/४५ आर१७ येतो ८७ चा, म्हणजे ५४५ किलो. पाच माणसं आणि डिकीत ठिबकच्या बंडलांचं सामान घेऊन १२० ने जाणाऱ्या गाडीत हा सत्तर किलोचा फरक सोडून द्यायचा नाही. त्याच मापात ९१ एक्सएल मिळतो. एक्सएल म्हणजे जास्त दाब भरून जास्त भार पेलणारा. पण मग दाबही त्या हिशेबाने वर न्यावा लागतो, आणि गाडी अजून कडक होते. २०५/५० आर१७ घेतला तर व्यास ६३६.८, एक टक्क्याच्या आत. पण साधा ८९ चा आणि गाल १०२.५. २२५/४५ आर१७ साधा ९१ चा मिळतो, गाल १०१. सतरा इंचाचाच हट्ट असेल तर या तिघांत तो बरा, तरी अकरा मिलिमीटर गमावूनच. निर्देशांकाचा नियम सोपा: भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलेल्यापेक्षा वर चालतं, खाली नाही. वेगाचं व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०. 'तुम्ही कुठे २१० ने जाता' हा युक्तिवाद करून एच गळ्यात मारणारे भेटतात. पण ते अक्षर नुसता वेग सांगत नाही, टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं. सेहेचाळीस डिग्रीच्या तालुक्यात नेमकं तेच विकत घ्यायचं आहे.

बाहेरच्या अलॉयचे स्वतःचे त्रास वेगळे. या गाडीला पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि चाकाचं हबवर बसणारं मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक मोठं असतं. मग मध्ये कडी घालावी लागते, नाहीतर चाक बोल्टांवर लटकतं आणि स्टेअरिंग थरथरतं. कंपनीच्या बोल्टचं डोकं खालून गोलसर, बाहेरच्या अलॉयची बैठक बहुतेक वेळा शंकूची. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत आवळला की तो कडेवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो, आणि चालता चालता सैल होऊ शकतो. हे दुकानदाराला विचारलं तर 'सगळं बसतं' असं उत्तर मिळतं. बसतं, हे खरं. टिकेलच, असं नाही.

आणि गावातला पंक्चरवाला. टॉमीने टायर उतरवणारा माणूस ५५ च्या गालाचा टायर सांभाळून काढतो. ४५ चा गाल टॉमीला दाद देत नाही. जोर लावला की रिमच्या ओठाला ओरखडा, नाहीतर टायरच्या बीडला (रिमवर बसणाऱ्या कडेला) चीर, आणि मग कितीही हवा भरा, सकाळी कमीच. सतरा इंची टायर रात्री आठ वाजता रोहणा-विरूळच्या मध्ये बसला तर मदत वर्ध्यातूनच येणार.

भाव असे मिळाले होते: अलॉय आणि टायर मिळून ८८ हजार, जुने अलॉय परत घेऊन ७४ हजार. सोळा इंची चांगले चार टायर ३७ हजार. हे भाव २८ टक्के जीएसटीच्या काळातले. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवर १८ टक्के लागतो (ट्रॅक्टरच्या टायरवर ५), म्हणून त्याआधीचं कोटेशन खिशात ठेवून आज घासाघीस करू नये, तो आकडा जुना झाला. पैशाचा फरक बाजूला ठेवला तरी निर्णय तोच राहिला असता: माप मूळचंच, सोळा इंच.

मग सोळा इंचातच परफॉर्मन्स म्हणजे काय? इथे दोन वर्ग पडतात. एका टोकाला पायलट स्पोर्ट, ॲडव्हान स्पोर्ट, पोटेन्झा, ईगल एफ१ अशा नावांचे तीव्र टायर: मऊ रबर, रुंद खांदे, कडक गाल. दुसऱ्या टोकाला प्रायमसी, टुरान्झा, ब्लूअर्थ-जीटी अशा टूरिंग घराण्यातले. यातले काही नुसते आरामाचे आहेत, काही मात्र बऱ्यापैकी धारदार. त्यांना स्पोर्ट-टूरिंग म्हणता येईल. नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, मापं बंद होतात. जून २०२० मध्ये कारच्या नव्या टायरांची आयात परवान्याखाली गेली तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या तीव्र टायरांचा भरवसा आणखीच कमी: आज चार मिळाले, सहा महिन्यांनी एक फाटला तर त्याचा जोडीदार मिळेल याची खात्री नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने हा मुद्दा पकडीच्या बरोबरीने धरावा. म्हणून नावापेक्षा गालावरची अक्षरं वाचायला शिकलेलं बरं.

या प्रकरणात टायर दुकानाबाहेर उजेडात घेऊन चार गोष्टी वाचल्या. पहिली, थरांची. बीडजवळ बारीक अक्षरांत ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या भागात) किती थर आणि साइडवॉलमध्ये किती, हे कोरलेलं असतं. ट्रेडमध्ये एक किंवा दोन पॉलिस्टर, दोन स्टील, एक नायलॉन असं काहीतरी. साइडवॉलमध्ये बहुतेक कार टायरांना एकच पॉलिस्टर. पाहिलेल्या तीन टायरांपैकी एकाच्या साइडवॉलमध्ये दोन होते. साइडपट्टीवर रोज उतरणाऱ्या गाडीला तो दुसरा थर पकडीइतकाच मोलाचा. इथे एक गैरसमज मोडून टाकावा: एक्सएल लिहिलं म्हणजे गाल जाड, असं नसतं. एक्सएलचा संबंध भार आणि दाबाशी आहे. थर मोजायचे तर थरांची ओळच वाचावी.

दुसरी गोष्ट ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा आकडा: तो जितका मोठा तितका टायर सावकाश झिजतो. तीव्र टायरला २०० ते ३००, टूरिंगला ४०० च्या आसपास किंवा वर. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र तो बरंच सांगतो. सिमेंटचा रस्ता आणि साठ अंशांपुढे तापणारं डांबर, यात २४० वाला टायर वीस हजारांतच उतरणीला लागला असता. तिसरी, त्याच ओळीतलं तापमानाचं अक्षर: ए, बी किंवा सी. इथे ए सोडून दुसरं घेऊ नये. चौथी, बनल्याची तारीख, लांबट चौकटीतले चार आकडे. आधी पुढे केलेल्या टायरवर ११२३ होतं, म्हणजे २०२३ चा अकरावा आठवडा, दोन वर्षं पत्र्याच्या गोदामात. विचारल्यावर आतून ०५२५ निघाले. ही तारीख एकाच गालावर असते, आणि ती भिंतीकडे करून टायर लावून ठेवायची पद्धतही दिसते, फिरवून बघावं.

नक्षीचाही विचार झाला. तीव्र टायरात खाचा कमी, रबर जास्त. कोरड्यात त्याचा फायदा, साचलेल्या पाण्यात तोटा. गुळगुळीत टायर पाण्यावर कधी तरंगू लागतो याचं नासाच्या प्रयोगांतून आलेलं एक जुनं सूत्र आहे, ते दाबाच्या वर्गमुळावर चालतं. ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ ला ८३. खाचा असलेल्या टायरला तो वर सरकतो, झिजत जाईल तसा परत खाली येतो. म्हणजे जुलैत समृद्धीवर टायर झिजलेला आणि हवा कमी, ही जोडी १२० ला काय करेल ते वेगळं सांगायला नको. निवड झाली ती चार सरळ रुंद खाचांच्या, असमान नक्षीच्या स्पोर्ट-टूरिंग टायरची: २०५/५५ आर१६ ९१व्ही, नवा असताना खोली ७.६ मिलिमीटर, साइडवॉलमध्ये दोन थर. बाणाच्या दिशेचा टायर मुद्दाम टाळला, कारण तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला चालत नाही.

चिखलाचा प्रश्न मालकांनी काढला तेव्हा उत्तर एका वाक्यात मिळालं: पावसाळ्यात पांदणीत ही गाडी नेऊच नये. काळी माती पहिल्या दहा फेऱ्यांत खाचा भरून टाकते, मग टायर कोणताही असो, तो मातीचा लाडू. वावरात जायला मोटरसायकल आहे.

आता बसवणं. इथेच जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

आतली कड खाल्ली होती, तिचं कारण टायर नव्हतं. गाडी लिफ्टवर घेतल्यावर डाव्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला सापडला. बुश फाटला की ब्रेक मारताना चाक पुढेमागे सरकतं आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन, बिघडतो. तो न बदलता अलाइनमेंट केलं असतं तर मशीनवर हिरवे आकडे आले असते आणि पहिल्याच ब्रेकला ते मोडले असते. नवे टायर दहा हजारांत आतून टक्कल. बुश दोन्ही बाजूंचे बदलले. या गाडीला पुढे टाय-रॉडवरून (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावरून) टो लावता येतो. मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई आहे, तिथे फिरवायला काही नाही. मागच्या चाकांचे आकडे तरीही मागून घ्यावेत, कारण ते चुकलेले असतील तर बीम वाकला आहे असा अर्थ होतो. लेन बदलतानाच्या तरंगण्याचा निम्मा भाग या बुशचाच होता.

रिमच्या आतल्या बाजूला सुकलेल्या काळ्या मातीचा थर निघाला, एका चाकात मूठभर. ही या भागातली ठरलेली फसवणूक: जूनमध्ये माती चिकटते, वाळते, आणि ९०-१०० ला स्टेअरिंग थरथरू लागतं. माणूस बॅलन्सिंगचे पैसे देऊन येतो, मातीसकट बॅलन्स होतं, आठवड्याने ढेकूळ गळून पडतं आणि थरथर परत. आधी रिम आतून धुवायचे, मगच मशीनवर. बीड जिथे बसतो ती कड तारेच्या ब्रशने साफ केली, जुने चिकटवायचे वजन खरवडून काढले, चारही रबरी व्हॉल्व्ह नवे घातले. बीडला साबणाची पेस्ट. ऑइल किंवा ग्रीस लावू दिलं नाही, त्याने रबर मऊ पडतं आणि जोराच्या ब्रेकला टायर रिमवर सरकतो. टायरवरचा पिवळा ठिपका, म्हणजे सगळ्यात हलकी जागा, व्हॉल्व्हपाशी घेतला. 'आउटसाइड' हा शब्द चारही टायरांवर बाहेरून वाचता येतो का, ते बघितलं. हेच गावात पंक्चर काढल्यावरही बघायचं असतं, कारण घाईत टायर उलटा बसवला जातो आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

बोल्ट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्ह्याने १२० न्यूटन-मीटर. नुसत्या हवेच्या गनने आवळलेले बोल्ट गाडीतल्या पान्ह्याने रस्त्यात सुटत नाहीत, आणि कमीजास्त आवळल्याने ब्रेकची डिस्क वाकडी होते. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा लावून बघितला. मग स्क्रीनवरून टायरच्या दाबाची नोंद नव्याने सेट केली. या गाडीत दाब मोजणारा सेन्सर चाकात नसतो. चाकांच्या फिरण्यातला फरक बघून गाडी अंदाज बांधते. चारही टायरांची हवा सारखीच उतरत गेली तर ती गप्प राहू शकते. म्हणून दाबाचा गेज घरात हवाच. पहिले तीनशे किलोमीटर शांतपणे चालवायला सांगितलं, कारण साच्यातून निघताना लागलेला बुळबुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण नसते.

एवढं करूनही मे महिन्यात गडबड झालीच. नागपूरहून दुपारी दोनला परत येताना मालकांनी पेट्रोल पंपावर हवा बघितली: ३९. सकाळी घरी थंड टायरमध्ये ३३ भरलेली. पंपावरच्या पोराने "लई वाढली भाऊ, फुटन" म्हणत चारही चाकांतून हवा काढून ३३ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेजवर २८. हा हिशेब कागदावर तंतोतंत जुळतो. सकाळी २८ अंशांना ३३ असलेली हवा टायरमध्ये ६५ अंशांना तापली की ३९ च्या जवळ जाते. तापलेल्या ३३ ची थंड झाल्यावर २८ होते. म्हणजे ३९ हा धोका नव्हता, ती चाललेल्या टायरची रोजची अवस्था होती, आणि टायर बनवताना ती धरलेलीच असते. धोका २८ मध्ये आहे: गाल जास्त दबतो, जास्त तापतो, आणि उन्हाळ्यात सिमेंटवर टायर फुटतो तो बहुतेक या वाटेने. चारही चाकांतली हवा सारखीच काढल्यामुळे गाडीने इशाराही दिला नाही. तेव्हापासून नियम एकच ठेवला आहे: हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी, दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, पूर्ण भार असेल तर स्टिकरवरचा भाराचा आकडा, गरम टायरमधून हवा कधीच काढायची नाही. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्यात फारसं हशील नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. खरा फायदा कोरडेपणाचा, आणि तो पंधरा दिवसांनी गेज लावणाऱ्याला लागत नाही.

टायर जानेवारी २०२६ मध्ये मोजले. १६ हजार किलोमीटर झाले होते, मध्ये आठ हजारांवर पुढचे मागे आणि मागचे पुढे केलेले. खोली दोन टायरांवर ५.५, दोनांवर ५.७, आतल्या आणि बाहेरच्या कडेत ०.२ चाच फरक. गालावर फुगा एकही नाही, साइडपट्टीच्या धारेचे ओरखडे मात्र डावीकडे भरपूर. सिमेंटवर आवाज मूळ टायरपेक्षा थोडा जास्त, ही मालकांची एकच कुरकुर, आणि ती खरी आहे. कडक खांद्याचा टायर सिमेंटच्या आडव्या रेघांवर गुणगुणतो. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण पावसाळ्याच्या तोंडावर ३ च्या खाली आलेला टायर समृद्धीवर नेऊ नये, असं या गाडीसाठी ठरवलं आहे. आणि दोनच टायर बदलायची वेळ आली तर नवे मागे. गाडी पुढच्या चाकांवर ओढते म्हणून नवे पुढे टाकायचा मोह होतो; पण ओल्यात पुढची पकड सुटली तर ती स्टेअरिंगला कळते, मागची सुटली तर कळायच्या आत गाडी आडवी.

एकच पंक्चर झालं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून झालेल्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला गाडी लावली आणि कापलेला खुंट टायरमध्ये गेला. पऱ्हाटीचा तिरका कापलेला खुंट वाळला की खिळ्यासारखा असतो. बाभळीचा काटा त्यापुढे सौम्य. या वेळी तो ट्रेडच्या मध्ये घुसला, भोक चार मिलिमीटरचं, म्हणून आतून मशरूम पॅच लागला. बाहेरून दोरी ओढून दिलेला जोड घरापर्यंत यायला ठीक, १२० च्या रस्त्यावर कायमचा नाही. तोच खुंट खांद्यात किंवा गालात गेला असता तर टायर बाद. म्हणून माघ-फाल्गुनात गाडी धुऱ्यावर नाही, डांबरावरच लावायची.

स्टेपनी राहिली होती. बऱ्याच गाड्यांत ती बाकीच्या चार चाकांपेक्षा लहान आणि स्टीलची असते, तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, आणि वर्षानुवर्षं तिला कोणी हवा विचारत नाही. मूळच्या उजव्या बाजूच्या दोन टायरांपैकी मागचा चांगला होता, ४.८ खोलीचा, फुगा नाही. सतरा इंचाचे वाचलेले पैसे होतेच. त्यातून एक मूळ मापाचा अलॉय घेऊन त्यावर तो चढवला आणि डिकीत ठेवला. जुनी स्टेपनी गोठ्यात.

डाव्या बाजूचे दोन फुगेवाले टायर दुकानदार तीनशे रुपये नग घ्यायला तयार होता. असे टायर आतून पॅच मारून, काळा रंग लावून सेकंडहँड म्हणून पुन्हा कोणाच्या तरी गाडीला लागतात. दोन्ही टायर घरी आणले आणि लोखंड कापायच्या पात्याने फुग्याच्या जागी गालावर वीतभर कापले. एक आता बोअरच्या तोंडाशी पाइपला घासू नये म्हणून घातला आहे, दुसऱ्यात बैलाला ढेप ठेवतात.